एकच 'गिट' यूजर, अकरा माणसं: खाती वेगळी कशी करायची?

पाऊलवाट | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

नाशिकला आमची अकरा जणांची छोटी कंपनी आहे. बाजार समितीतल्या आडत्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: हिशोबपट्टी, हमाली, तोलाई वगैरे. सगळा कोड ऑफिसातल्याच एका लिनक्स सर्व्हरवर गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. त्या सर्व्हरवर 'गिट' नावाचा एकच यूजर, त्याचा एकच पासवर्ड, आणि तो अकराही जणांना पाठ. सर्व्हर मी सांभाळतो. जानेवारीत जुना सर्व्हर बदलून नवा आणला तेव्हाही हीच पद्धत चालू ठेवली, कारण कधी काही अडलं नव्हतं.

काल शनिवारी सकाळी ऑफिसात आलो तर मेन ब्रँच (कामाची मुख्य धारा) थेट १७ जानेवारीच्या कमिटवर (तेव्हा नोंदवलेल्या बदलावर) जाऊन बसलेली. पाच महिन्यांचं काम दिसेना. चालू कामाच्या तीन ब्रँच गायब.

कुणी केलं हे कळायला मार्ग नाही, सर्व्हरला फक्त 'गिट' दिसतो. पण ऑफिसात बोट एकाच दिशेला गेलं. दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी रुजू झाली आहे, तिची पहिलीच नोकरी. गुरुवारी जेवताना तिने विचारलं होतं, "फोर्स पुश म्हणजे नक्की काय असतं?" (सर्व्हरवरच्या प्रतीवर आपली प्रत जबरदस्तीने बसवणं.) आणि शुक्रवारी सगळ्यांत शेवटी तीच निघाली. एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीसुद्धा. काल दुपारी ती डबा न उघडताच घरी गेली.

मेन ब्रँच परत मिळाली, तीही तिच्याच लॅपटॉपवरून. निघताना तिने सगळं पुल करून (सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून) ठेवलं होतं. दोन ब्रँच इतरांच्या मशीनवर सापडल्या, एक अजून नाही.

मला विचारायचंय ते असं. अकरा जणांसाठी सर्व्हरवर अकरा लिनक्स यूजर काढायचे का? सोडून गेलेल्यांचं काय करायचं? आणि शुक्रवारी रात्री कोण होतं हे आता तरी कळू शकतं का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतोय.

शिकाऊ | रविवार, रात्री ९:५८

पण प्रत्येक कमिटवर नाव आणि ईमेल असतो ना? गिट लॉग काढला की कळेल की.

जुनाखेळाडू | रविवार, रात्री १०:३१

शिकाऊ, नाव असतं, पण ते लिहिलं कुणी हे बघायला हवं.

सबव्हर्जनमध्ये (गिटच्या आधीचं याच कामाचं सॉफ्टवेअर) तुम्ही कमिट केलं की सर्व्हर आधी तुम्हाला ओळखतो आणि मग स्वतः त्या रिव्हिजनवर तुमचं नाव टाकतो. गिटमध्ये कमिट तुमच्याच मशीनवर होतं, नेट बंद असलं तरी होतं. यूजर.नेम आणि यूजर.ईमेलमध्ये तुम्ही जे भरून ठेवलंय तेच छापलं जातं. तिथे मी तुमचं नाव भरलं तर माझं कमिट तुमच्या नावावर चढेल, आणि गिट हूं की चूं करणार नाही.

याला मी दोष म्हणणार नाही. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठी. तिथे पॅच (कोडमधल्या बदलाचे तुकडे) मेलवरून येतात. लिहिणारा एक आणि तो पॅच घेऊन रेपोत (कोडच्या भांडारात) बसवणारा दुसरा. म्हणून तर प्रत्येक कमिटवर ऑथर आणि कमिटर अशी दोन वेगळी नावं असतात. दारात कुणाला उभं करायचं ते काम गिटने एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) आणि वेब सर्व्हरवर सोडून दिलं. गिटच्या पोटात 'खातं' नावाची वस्तूच नाही.

पाऊलवाट, तुमच्या बाबतीत तर गिट लॉगचा काही उपयोग नाही. शुक्रवारी रात्री नवं कमिट झालंच नाही. ब्रँचचा काटा फक्त मागे फिरवला गेला. काटा कुणी फिरवला याची नोंद सर्व्हरवरची बेअर रेपो (फक्त इतिहास ठेवणारी, कामाच्या फाइली नसलेली) आपण होऊन ठेवत नाही. रिफलॉग, म्हणजे काट्याच्या हालचालींची वही, तिथे मुळात बंद असतो.

म्हणून कमिटवरचं नाव, दारातून आत सोडणारी की, आणि आत आल्यावर कशाला हात लावता येतो ती परवानगी, या तिन्हींची गल्लत करू नका. तुमच्याकडे पहिली आहे, दुसरी सगळ्यांत एकच आहे आणि तिसरी नाहीच.

कोकणकडा | रविवार, रात्री ११:०५

जुनाखेळाडू काकांशी सहमत. आधी तातडीचं सांगतो.

सर्व्हरवर गिट जीसी (गिटची साफसफाईची आज्ञा) चालवू नका, कुणाला चालवू देऊ नका. रेपोची अख्खी फोल्डर आत्ताच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. ब्रँच पुसली म्हणजे तिच्यातले कमिट लगेच पुसले जात नाहीत, नुसते लोंबकळत राहतात. त्या कॉपीवर गिट एफएसके (रेपो तपासायची आज्ञा) चालवा. 'डँगलिंग कमिट' म्हणून जे येतील ते एकेक उघडून बघा, तिसरी ब्रँच बहुतेक तिथेच सापडेल.

आता तुमचा छळणारा प्रश्न. व्हार-लॉग फोल्डरमधली ऑथ लॉग (लॉगिनची नोंदवही) उघडा. एसएसएचने आत येणाऱ्या प्रत्येकाची तिथे ओळ असते: किती वाजता, कुठल्या आयपीवरून, आणि पासवर्डने की पब्लिक कीने (की म्हणजे पासवर्डऐवजीची डिजिटल किल्ली: प्रायव्हेट अर्धी आपल्याकडे, पब्लिक अर्धी सर्व्हरवर). की असेल तर तिचा फिंगरप्रिंटही (छोटी ओळखखूण) छापलेला असतो. जुनी लॉग काही आठवड्यांनी उडते, तेव्हा हे उद्या सकाळी पहिलं काम.

आणि एक गोष्ट मला पटत नाही. मेन ब्रँच नेमकी १७ जानेवारीला का जाऊन बसावी? दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर १७ जानेवारीला थांबलेली मेन असेल तरी कशी? तिने क्लोनच (रेपोची स्वतःची प्रत) एप्रिलमध्ये केला. असं गोठलेलं चित्र एखाद्या जुन्या क्लोनकडे असतं, ज्याला कुणी महिनोन्‌महिने हात लावलेला नाही. जानेवारीत सर्व्हर बदलला म्हणालात ना? कुठल्या तारखेला?

पाऊलवाट | रविवार, रात्री ११:१२

१८ जानेवारीला.

आता झोप येणार नाही. सकाळी सातला ऑफिस उघडतो.

तांबडीमाती | सोमवार, सकाळी ८:२०

नाव आणि खातं यांतल्या फरकावर काकांनी लिहिलंय त्याला एक मोठं उदाहरण जोडतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे फार महागात पडलेलं आहे.

२८ मार्च २०२१ रोजी पीएचपी भाषेच्या मूळ रेपोत दोन कमिट आले. वरवर बघितलं तर टायपो दुरुस्त केल्यासारखे. नावं होती रास्मुस लेर्डोर्फ आणि निकिता पोपोव्ह यांची, म्हणजे एक त्या भाषेचा जनक आणि दुसरा तिचा तेव्हाचा बिनीचा शिलेदार. आत मात्र चोरदरवाजा होता: एका विशिष्ट हेडरमधून कोड पाठवला की सर्व्हर तो मुकाट चालवणार. दोघांनीही ते लिहिलेलं नव्हतं. बाकीच्यांनी कोड वाचला म्हणून काही तासांतच पकडलं गेलं. त्यानंतर पीएचपीने स्वतःचा गिट सर्व्हर चालवणं बंद केलं, मुख्य काम गिटहबवर (गिट रेपो ठेवायची वेबसेवा) नेलं आणि तिथल्या संघटनेत येणाऱ्याला टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरा पुरावा) सक्तीचं केलं.

दुसरं उदाहरण जेंटू लिनक्सचं, २८ जून २०१८. गिटहबवरच्या त्यांच्या संघटनेच्या एका अॅडमिनचा पासवर्ड हल्लेखोराने ओळखला. एका जागचा पासवर्ड बघून दुसऱ्या जागचा अंदाज बांधता येईल अशी त्याची घडण होती. टू-फॅक्टर सक्तीचं नव्हतं. आत शिरल्यावर त्याने बाकीच्या सगळ्यांना संघटनेतून काढून टाकलं, आणि तिथेच तो उघडा पडला, कारण काढल्याचा मेल प्रत्येकाला गेला. गिटहबवर त्यांची फक्त प्रत होती, मूळ रेपो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर शाबूत राहिल्या.

हे मुद्दाम सांगतोय. प्रत्येकाला वेगळं खातं होतं म्हणून प्रत्येकाला वेगळा मेल गेला. सगळे एकाच खात्यावर असते तर एकच मेल गेला असता, तोही त्या खात्यात बसलेल्या चोराला.

पाऊलवाट | सोमवार, दुपारी १:१५

सापडलं. हात थरथरतोय लिहिताना.

ऑथ लॉगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ७:५२ नंतर कुणाचीच ओळ नाही. ७:५२ ची ओळ त्या मुलीची, तिच्या लॅपटॉपच्या आयपीवरून, पासवर्डने. तेच तिचं शेवटचं पुल. त्यानंतर थेट मध्यरात्री २:१० ची ओळ: 'गिट' यूजर, पब्लिक कीने. आमच्याकडे तर सगळे पासवर्डनेच येतात! आयपी बघितला तर कोपऱ्यातल्या बिल्ड मशीनचा (कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणारं), ज्याच्यावर आम्ही कागदांचे गठ्ठे ठेवतो.

ऑथराइज्ड कीजच्या फाइलवर (कुठल्या किल्ल्यांना आत सोडायचं त्याची यादी) एसएसएच-कीजेन चालवून फिंगरप्रिंट जुळवला. त्या फाइलमध्ये चार ओळी होत्या. जुळलेल्या ओळीच्या शेवटी तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं नाव. सर्व्हर बदलताना ती फाइल मी जशीच्या तशी नव्या मशीनवर आणली होती.

मग त्या मशीनवरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची यादी) उघडला. त्याने बॅकअपसाठी स्क्रिप्ट लावून ठेवली होती, रोज रात्री २:१० ला. मुख्य सर्व्हरवरून फेच करायचं (नवं काम आणायचं) आणि 'बॅकअप' नावाच्या मशीनवर गिट पुश --मिरर करायचं (तिथलं सगळं हुबेहूब आपल्यासारखं करायचं). १८ जानेवारीला सर्व्हर बदलला तेव्हा फेचचा जुना पत्ता मेला. फेच रोज पडत होतं, त्याचा निरोप कुणाला जात नव्हता. पुश मात्र चालू होतं, जानेवारीचंच जानेवारीवर, म्हणून काही बिघडत नव्हतं. या शुक्रवारी संध्याकाळी मी जुनं बॅकअप मशीन बंद केलं आणि राउटरमध्ये 'बॅकअप' हे नाव नव्या मुख्य सर्व्हरला देऊन टाकलं, शेअर फोल्डरसाठी. स्क्रिप्टमध्ये होस्टची ओळख तपासणं 'नो' करून ठेवलेलं, त्यामुळे दुसऱ्याच मशीनशी बोलतोय हे एसएसएचने अडवलं नाही. रेपोचा पाथ दोन्हीकडे तोच. रात्री २:१० ला जानेवारीचं चित्र सगळ्या कामावर येऊन बसलं, आणि मिररकडे ज्या ब्रँच नव्हत्या त्या त्याने पुसल्या.

म्हणजे बदल माझ्या हातचा होता. तिचा काहीही संबंध नव्हता.

सकाळी अकरा वाजता सगळ्यांना बोलावून लॉगच्या त्या दोन ओळी पडद्यावर दाखवल्या आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मी शनिवारी घरी जाऊन दोन तास स्वतःचाच रिफलॉग वाचत होते. मलाही वाटायला लागलं होतं की माझ्याकडूनच झालं असेल." हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

कोकणकडा, तुमचे आभार कसे मानू. तिसरी ब्रँचही डँगलिंगमध्ये सापडली.

रानजाई | सोमवार, दुपारी २:४०

पाऊलवाट, सगळ्यांसमोर माफी मागितलीत, बरं केलंत. आरोप चारचौघांत झाला तर निवाडाही चारचौघांत व्हावा. माझ्या पहिल्या नोकरीत मी अशाच एका 'अॅडमिन' खात्याच्या घोळात अडकले होते. तिथे लॉग उघडायची तसदी कुणी घेतली नाही. वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

आता खाती वेगळी करणारच आहात तर नावांचा विचार आधीच करून ठेवा. तो नेहमी राहून जातो.

लग्नानंतर माझं आडनाव बदललं, मग दोन वर्षांनी मी पुन्हा माहेरचं लावायला लागले. मधे कंपनीचा ईमेलही बदलला. गिट शॉर्टलॉग (माणसागणिक कमिटची यादी) काढला तर मी तीन बायका दिसत होते: ४१२ कमिटची एक, ९६ ची दुसरी, ३० ची तिसरी. त्यावर उपाय मेलमॅप. रेपोच्या मुळाशी डॉट-मेलमॅप नावाची साधी फाइल ठेवायची. प्रत्येक ओळीत आज हवं असलेलं नाव, आजचा ईमेल आणि मग जुना ईमेल. गिट लॉग, ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा), शॉर्टलॉग सगळे ती वाचतात. जुने कमिट बदलत नाहीत, त्यांचे हॅश (ओळखक्रमांक) तेच राहतात, दाखवताना फक्त नाव बदलतं.

आणि कुणाला जुनं नाव कुठेच यायला नको असेल (घटस्फोट असेल, नाहीतर आणखी काही, कारण विचारू नये) तर ओळीत फक्त नवं नाव आणि जुना ईमेल लिहिला तरी चालतं. जुनं नाव त्या फाइलमध्ये लिहावंच लागत नाही.

माझं यूजर.नेम देवनागरीत आहे. काही टर्मिनलवर जोडाक्षरं मोडकी दिसतात, नोंद मात्र अचूक राहते. कुणी हसेल या भीतीने करू नका असं नको.

शिकाऊ | सोमवार, दुपारी ४:०५

रानजाई ताई, मेलमॅप माहीतच नव्हतं. आजच कॉलेजच्या प्रोजेक्टला लावतो.

एक अडचण विचारू का? माझी गिटहबवर दोन खाती आहेत, एक माझं आणि एक प्रोजेक्टसाठी सरांनी काढून दिलेलं. एकाच लॅपटॉपची की दोन्हीकडे टाकायला गेलो तर 'की आधीच वापरात आहे' म्हणतो.

दूरदेशी | सोमवार, संध्याकाळी ६:३० (जर्मनी वेळ)

शिकाऊ, गिटहब तुला त्या कीवरूनच ओळखतो. तीच की दोन खात्यांत ठेवली तर दारात उभा आहे तो कोण हे त्याला ठरवता येणार नाही. दुसऱ्या खात्यासाठी दुसरी की काढ. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबसाठी दोन टोपणनावं कर, प्रत्येकाला त्याची की लाव आणि आयडेंटिटीज-ओन्ली 'येस' ठेव, नाहीतर एजंट (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) हाताला येईल ती की पुढे करतो. कमिटवरच्या नावासाठी गिटकॉन्फिगमध्ये इन्क्लूड-इफ वापर. कॉलेजच्या फोल्डरमधल्या रेपोंना कॉलेजचा ईमेल आपोआप लागेल. घरचा ईमेल जगाला दिसायला नको असेल तर गिटहब देतो तो नो-रिप्लाय पत्ता भर.

सोडून गेलेल्या माणसाबद्दल थोडं. आमच्याकडे गिटलॅब (गिटहबसारखंच, पण स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं) आहे आणि नियम सरळ आहे: ब्लॉक करायचं, डिलीट करायचं नाही. ब्लॉक केलं की तो आत येऊ शकत नाही, पण त्याने लिहिलेले इश्यू आणि चर्चा त्याच्या नावावर राहतात. डिलीट केलं तर ते सगळं 'घोस्ट यूजर'च्या नावावर जातं. डिलीटचा दुसरा पर्याय तर त्याच्या इश्यू आणि चर्चाही पुसून टाकतो. तो चुकूनही दाबू नका. इंटर्न किंवा कंत्राटी माणूस असेल तर सदस्य करतानाच शेवटची तारीख घालतो, त्या दिवशी प्रवेश आपोआप संपतो.

पाऊलवाट, तुमचा प्रसंग वाचून आज मी आमच्या सगळ्या डिप्लॉय की (यंत्रांना दिलेल्या किल्ल्या) तपासल्या. गिटहबवरही हा सापळा आहे. माणसाला संघटनेतून काढलं तरी त्याने लावलेली डिप्लॉय की जिवंत राहते, कारण ती माणसाला नाही, रेपोला बांधलेली असते. निरोपाच्या दिवशी खातं बंद केलं एवढ्यावर थांबू नका. त्या माणसाने कुठल्या यंत्रांना किल्ल्या वाटल्या ते त्याच्याकडूनच लिहून घ्या.

कोकणकडा | सोमवार, रात्री १०:२०

पाऊलवाट, आनंद झाला. खरं सांगायचं तर १७ जानेवारी वाचल्यावर माझीही झोप उडाली होती.

आता मूळ प्रश्न. अकरा लिनक्स यूजर काढू नका. प्रत्येकाला सर्व्हरवर शेल (थेट आज्ञा चालवायची मुभा) मिळेल आणि फाइलींच्या परवानग्यांत अडकाल. गिटलॅब चांगलं आहे, पण त्याला रॅम भरपूर लागते आणि अद्ययावत ठेवायला माणूस लागतो. अकरा जणांना गिटोलाइट (गिट सर्व्हरच्या दारात उभा राहणारा छोटा प्रोग्राम) पुरे. ते लिहिणारे सीताराम चामर्ती आपल्याच देशातले आहेत. २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गच्या (लिनक्स कर्नलचं घर) सर्व्हरवर घुसखोरी झाली, तिथल्या ४४८ जणांना आपापले पासवर्ड आणि की बदलाव्या लागल्या. त्यानंतर तिथे थेट शेल देणं बंद करून गिटोलाइट बसवलं गेलं. कर्नलला चालतं ते आपल्याला चालायला हरकत नाही.

त्याची रीत अशी. सर्व्हरवर 'गिट' हा एकच लिनक्स यूजर राहतो, पण त्याला पासवर्डने येता येत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या मशीनवर की काढतो आणि फक्त पब्लिक की तुम्हाला देतो. गिटोलाइट-अॅडमिन नावाची एक खास रेपो असते. तिच्यातल्या कीडिर फोल्डरमध्ये त्या की ठेवायच्या. फाइलचं नाव तेच माणसाचं नाव. पुश केलं की गिटोलाइट ऑथराइज्ड कीजची फाइल स्वतः लिहितं आणि प्रत्येक कीच्या ओळीत 'ही आली म्हणजे अमका आला' असं बांधून टाकतं. दार एकच, पण आत येणारा प्रत्येक जण नावानिशी येतो. एखाद्याकडे लॅपटॉप आणि डेस्कटॉप असे दोन असतील तर कीडिरमध्ये दोन उपफोल्डर करून त्याच नावाच्या दोन फाइली ठेवा, तो एकच माणूस धरला जातो.

परवानग्या कॉन्फ फाइलमध्ये. 'आर' म्हणजे वाचणं, 'आरडब्ल्यू' म्हणजे पुश, 'आरडब्ल्यू+' म्हणजे काटा मागे फिरवणं आणि ब्रँच पुसणंही. मेन ब्रँचवर 'आरडब्ल्यू+' कुणालाच देऊ नका, स्वतःलाही नाही. बिल्ड मशीनला स्वतःची की, स्वतःचं नाव आणि फक्त 'आर'. माणूस गेला की त्याची फाइल काढून पुश करायचं, झालं. आणि हे सगळं गिटमध्येच असल्यामुळे कुणाला कधी कुठली परवानगी दिली याचाही इतिहास राहतो.

एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. ऑथराइज्ड कीजमध्ये गिटोलाइटच्या भागाच्या वर जुन्या ओळी राहिल्या तर त्याच की वापरणारा माणूस गिटोलाइटला वळसा घालून थेट शेलमध्ये उतरतो. त्या चार ओळी आधी काढा.

जुनाखेळाडू | मंगळवार, सकाळी ७:१५

पहाटे धागा पुन्हा वाचला. दूरदेशींनी 'डिलीट करू नका' म्हटलंय त्यावर एक आठवण.

आमचा विभाग सबव्हर्जनवरून गिटवर आणला ते काम माझ्याकडे होतं. गिट-एसव्हीएनला लेखकांची यादी द्यावी लागते: डावीकडे सबव्हर्जनचं यूजरनेम, उजवीकडे पूर्ण नाव आणि ईमेल. मी चालू पगारपत्रक घेऊन यादी केली आणि रात्री रूपांतर लावून घरी गेलो. सकाळी बघतो तर ते मध्येच थांबलेलं: अमुक लेखक यादीत नाही. चार अक्षरी यूजरनेम. बघताक्षणी ओळखलं. आमचा एक सहकारी, त्याच्या दोन वर्षं आधी अपघातात गेला. मनुष्यबळ विभागाने नियमाप्रमाणे त्याचं सगळं पुसलं होतं, ईमेल, खातं, सगळं.

एक तरुण इंजिनियर म्हणाला, तिथे 'अज्ञात' लिहून पुढे जाऊ. मी नाही म्हणालो. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि त्याचा तोच जुना ईमेल, जिथे आता काही पोचत नाही. व्याज मोजणारा आमचा सगळा भाग त्याने लिहिला होता. पुढे कित्येक वर्षं ब्लेम काढलं की दर दुसऱ्या ओळीला त्याचं नाव यायचं, आणि नवी पोरं विचारायची, हे कोण?

पाऊलवाट, तुमच्या त्या जुन्या सहकाऱ्याची की काढा, आजच काढा. त्याचे कमिट मात्र त्याच्या नावावर राहू द्या. त्याने बॅकअपची काळजी घेतली होती, पुढे तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

तांबडीमाती | मंगळवार, सकाळी ९:०२

काका, +१. शब्द नाहीत.

पाऊलवाट, पुढे कधी गिटहबवर गेलात तर एक माहीत असू द्या: १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे पुश करायला खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त अक्षरमाळ) किंवा एसएसएच की लागते. टोकनला मुदत घाला, आणि ते माणसागणिक वेगळं ठेवा. एकच टोकन अकरा जणांना व्हॉट्सअॅपवर वाटलं तर पुन्हा मूळ पदावर याल. कमिटवरचं नाव खरं की खोटं हे सिद्ध करायचं असेल तर कमिटवर सही करता येते. गिट २.३४ पासून रोजच्या एसएसएच कीनेच सही होते, वेगळ्या जीपीजीच्या (सहीसाठीचं जुनं साधन) भानगडीत पडावं लागत नाही.

पाऊलवाट | शुक्रवार, रात्री ८:५०

मंडळी, बुधवारी आणि गुरुवारी मिळून सगळं बसवलं.

पासवर्ड बंद केला. ऑथराइज्ड कीजमधल्या चारही जुन्या ओळी काढल्या. त्यातली एक माझीच होती, आधीच्या लॅपटॉपची, जो मी भावाच्या मुलाला देऊन टाकलाय. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर बसून की काढली. दोघांनी पब्लिकऐवजी प्रायव्हेट की मेलवर पाठवली, त्यांना लगेच नवी काढायला लावली. तीन मशीनवर यूजर.नेम 'अॅडमिन' होतं ते बदललं. रानजाई, मेलमॅप रेपोत आलं आहे. आमच्याकडे एकाच्या नावाची चार स्पेलिंग निघाली.

जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याला वाईट वाटलं, मग म्हणाला, त्या मशीनवर आणखी एक स्क्रिप्ट आहे, रविवारी चालणारी. तीही बघून घेतली. ती नुसतीच जुन्या लॉग झिप करत होती.

गिटोलाइट-अॅडमिन रेपोवर पुश करायचा हक्क दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि त्या नव्या मुलीकडे. मी विचारलं, घेशील का? तिने एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी गिटोलाइटचं अर्धं मॅन्युअल वाचून आली. कीडिरमधल्या अकराही फाइली तिने बसवल्या, बारावी बिल्ड मशीनची.

आज संध्याकाळी तिनेच सुचवलं की रात्रीची ती स्क्रिप्ट नवा पत्ता घालून एकदा हाताने चालवून बघू. रेपोची कॉपी काढून ठेवली आणि आम्ही सगळे कोपऱ्यातल्या मशीनभोवती उभे राहिलो. गठ्ठे बाजूला केले, तिने एंटर दाबला. पडद्यावर ओळ आली: 'फेटल', मग 'डब्ल्यू', मग रेपोचं नाव, त्यापुढे 'बिल्डयंत्र', आणि शेवटी 'डिनाइड बाय फॉलथ्रू'. सर्व्हरच्या लॉगमध्येही तीच नोंद, वेळेसकट आणि नावासकट.

कोकणकडा | शुक्रवार, रात्री ९:०४

फॉलथ्रू म्हणजे नियमांची यादी शेवटपर्यंत वाचली आणि त्या नावाला लिहायची परवानगी कुठेच सापडली नाही. अगदी बरोबर बसवलंय. तिला माझा नमस्कार सांगा.